सोमवार सकाळचा भार

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनच्या रुग्णालयाचा पाया घातला, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, तर बेळगाव-विजापूरकडचेही रुग्ण या जंक्शनावर उतरत आले आहेत. आणि पुढे उभ्या राहिलेल्या अनेक खासगी रुग्णालयांपैकी ज्या एकात संगणक विभागाचे काम मी पाहत होतो, तेथे कामाचा खरा भार सोमवारी सकाळी येई. रात्रपाळी उतरते, दिवसपाळी चढते, केसपेपरच्या खिडकीपुढे रांग वाढते आणि त्याच घटकेस डॉक्टर, परिचारिका, औषध-भांडारातील कारकून असे सारेच लॉगिन करू लागतात. त्यांची ओळख पटवणारे दफ्तर म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर.

नव्या सर्व्हरसोबत पुरवठादाराने सादर केलेला चाचणीचा अहवाल देखणा होता. तरीही पहिल्याच सोमवारी लॉगिन इतके रेंगाळले की केसपेपर हाताने लिहावे लागले. चौकशीअंती कळले ते असे, की चाचणीत एकच नाव, एकाच उघड्या कनेक्शनवरून, पुनःपुन्हा विचारले गेले होते, आणि सर्व्हर स्मरणातल्या स्मरणात उत्तर देत होता. एकाच इसमाला हजार वेळा नाव विचारून सबंध गावाच्या शिरगणतीचा दाखला द्यावा, तशातला तो प्रकार.

म्हणून चाचणीसाठी बनवलेल्या नोंदी खऱ्या दफ्तरासारख्या असाव्यात. पासवर्ड व दूरध्वनी क्रमांक अर्थातच खोटे घालावेत. परंतु ‘यूझर १’, ‘यूझर २’ अशी नावे रचू नयेत, कारण आपल्या मुलखात पाटील, जाधव, मुल्ला या आडनावांची दाटी असते आणि ‘पाटील’ शोधणाऱ्या कारकुनाला उत्तर म्हणून एक नोंद नव्हे, एक जमाव मिळतो. ओपनएलडॅप या आमच्या डिरेक्टरी सर्व्हरमध्ये एका शोधाला ५०० नोंदींची मर्यादा मुळातच घातलेली असते, ही गोष्टही अशा वेळीच उघडकीस येते. आमच्याकडे एक जुना प्रोग्रॅम मोबाइल क्रमांकावरून माणूस शोधीत असे, आणि त्या रकान्याला इंडेक्सच नसल्याने प्रत्येक शोधापायी सर्व नोंदी चाळल्या जात. सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘नॉट इंडेक्स्ड’ असा शेरा स्पष्ट उमटत होता. तो वाचण्याचा शिरस्ता मात्र कोणाचाच नव्हता. ओपनएलडॅपचे कामकरी धागे (थ्रेड) मुळात १६ असतात. ते असल्या शोधांत गुंतले, की क्षणार्धात उरकणारे लॉगिनही रांगेत तिष्ठत राहते.

याहून गूढ कारण दुसरेच निघाले. मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स.५०० या अवजड डिरेक्टरी-व्यवस्थेवर उतारा म्हणून एलडॅप हा प्रोटोकॉल घडवला आणि १९९३ मध्ये त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. अशा दफ्तरात वाचन फार व लेखन क्वचित, हे गृहीत धरूनच असले सर्व्हर बांधले जातात. आमच्या सुरक्षानियमांनी मात्र प्रत्येक लॉगिनची वेळ व प्रत्येक चुकलेला पासवर्ड नोंदवण्याचा हुकूम दिला होता. साहजिकच प्रत्येक लॉगिन हे लेखनाचे काम झाले, आणि ओपनएलडॅपच्या एलएमडीबी या साठ्यात एका वेळी एकच लेखक लिहू शकतो. तेव्हा चाचणी घेताना हे नियम चालू ठेवावेत, काही पासवर्ड मुद्दाम चुकीचे द्यावेत, आणि संस्थेत पासवर्ड पडताळण्याची आर्गॉन२सारखी हेतुतः संथ पद्धत वापरात असेल तर चाचणीतही तीच ठेवावी.

भार निर्माण करणारे यंत्र निराळे असावे, नाहीतर आपण मोजतो ते त्याचेच दमणे. जेमीटर किंवा ३८९ डिरेक्टरीसोबत येणारे एलडीसीएलटी यांपैकी कोणतेही साधन चालेल. साधनांवरचे वाद मला निष्फळ वाटतात. सरासरीवर भिस्त ठेवू नये, शंभरांतील सर्वांत संथ उत्तर किती उशिरा आले ते पाहावे. भार पायरीपायरीने चढवावा, आणि प्रत्येक लॉगिनला नवे टीएलएस कनेक्शन उघडावे, कारण पुष्कळ प्रोग्रॅम तसेच करतात आणि काही ती बंद करण्यास विसरतात.

राहता राहिला व्यवहार. खरेदीच्या निविदेतच असे कलम घालावे की चाचणी संस्थेने आखलेल्या नोंदींवर, संस्थेच्या माणसांसमक्ष होईल, आणि तिचा कच्चा लॉग अहवालासोबत जोडल्याखेरीज लेखा विभाग अखेरचा हप्ता अदा करणार नाही.