शोकाचा वेग आणि अश्रूंचा वेग

आयुर्वेदाच्या अध्ययनास आरंभ होताच विद्यार्थ्याला अधारणीय वेगांची तेरा नावे मुखोद्गत करावी लागतात. मूत्र, पुरीष, शुक्र, अपानवायू, छर्दी, क्षवथू, उद्गार, जृंभा, क्षुधा, तृष्णा, बाष्प, निद्रा आणि श्रमश्वास. त्याच अध्यायात पुढे धारणीय वेगांची यादी येते. तीत लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जता, ईर्ष्या, अतिराग व अभिध्या यांची गणना आहे. परीक्षेपुरत्या दोन्ही याद्या पाठ होतात आणि बहुधा तेथेच विषय संपतो. परंतु या याद्या शेजारी ठेवून वाचल्या तर एक गोष्ट लक्ष वेधून घेते. शोकाचा वेग धारण करावा असे चरकाचार्य सांगतात, आणि अश्रूंचा वेग धारण करू नये असेही तेच सांगतात. प्रथमदर्शनी हा विरोध वाटतो. तो विरोध का नाही, हे पाहू गेले असता भावना आणि वर्तन यांच्या संबंधाविषयी आपल्या शास्त्राची भूमिका स्पष्ट होते. नित्याच्या चिकित्सेत तिचा उपयोग मोठा असल्याने त्या भूमिकेचा येथे विचार करीत आहोत.

भावनांचे मूळ सुश्रुताचार्यांनी अगदी थोडक्यात सांगितले आहे. क्रोध, शोक, भय, हर्ष, विषाद, ईर्ष्या, असूया, दैन्य, मात्सर्य, काम, लोभ हे सर्व मानस विकार इच्छा व द्वेष यांचेच भेद होत, असे सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात त्यांनी म्हटले आहे. हवे असलेले मिळाले नाही, गेले, किंवा दुसऱ्याला मिळाले. नको असलेले समोर आले, किंवा येईल असे वाटले. एवढ्या मोजक्या प्रसंगांतून भावनांचा सगळा पसारा उभा राहतो. चरक शारीरस्थानात याच्या पुढची पायरी आहे. सुखदुःखातून इच्छाद्वेषरूप तृष्णा उत्पन्न होते आणि तीच पुन्हा नव्या सुखदुःखाला कारण होते. म्हणजे ही सरळ रेषा नसून चक्र आहे. भावना वर्तन घडविते, आणि त्या वर्तनाचे फळ पुन्हा भावनेला खतपाणी घालते. पत्नीच्या निधनानंतर जेवण टाळणारा, दिवसा पडून राहणारा, रात्री जागणारा गृहस्थ पाहावा. शोकामुळे त्याचे वर्तन बदलले हे खरे. पण अग्निमांद्य, दौर्बल्य आणि एकाकीपण ही त्या बदललेल्या वर्तनाची फळे आहेत, आणि महिन्याभराने तो शोकाइतकाच त्यांच्यामुळेही खचलेला असतो.

वैद्याला दुसऱ्याचे मन प्रत्यक्ष दिसत नाही. मग ते जाणावे कसे? याचे उत्तर चरक विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात आहे. हा भाग एरवी रोगपरीक्षेच्या संदर्भात भरभर वाचून सोडला जातो; तो सावकाश वाचावा अशी आमची सुज्ञ वाचकांस विनंती आहे. तेथे मनोभाव अनुमानाने जाणण्यास सांगितले आहे आणि प्रत्येक भावाला वर्तनातील एकेक खूण दिली आहे. क्रोध अभिद्रोहावरून ओळखावा, शोक दैन्यावरून, हर्ष आमोदावरून, प्रीती तोषावरून, भय विषादावरून; धृती अलौल्यावरून. क्रोधाची खूण म्हणून लाल डोळे वा चढलेला आवाज सांगितलेला नाही, हे विशेष. समोरच्याचे वाईट करण्याची प्रवृत्ती ही खूण आहे. अगदी शांत आवाजात बोलणारा, परंतु भावाच्या वाट्याचा बांध दरवर्षी वीतभर कोरणारा मनुष्य या कसोटीने क्रोधी ठरतो. उलट, घटकाभर आरडाओरड करून संध्याकाळी त्याच माणसाच्या पंक्तीला बसणारा तितका क्रोधी ठरत नाही. शोकाचेही तसेच. शोकाची खूण अश्रू नसून दैन्य आहे. हे ध्यानी आले की आरंभीच्या कोड्याची किल्ली हाती येते.

धारणीय वेगांचे वर्णन करताना चरकाचार्य मनाच्या वेगांवर थांबत नाहीत. त्यांच्यामागोमाग वाणीचे वेग येतात. कठोर, अतिरेकी, चहाडखोर, असत्य आणि अवेळी बोलणे आवरावे. त्यानंतर देहाची कर्मे येतात. परपीडा, परस्त्रीगमन, चोरी, हिंसा यांचा वेग आवरावा. मन, वाणी, शरीर अशी ही उतरंड आहे. या संपूर्ण वर्णनात अश्रूंचा निषेध कोठेही नाही. त्यांची गणना तहान, भूक, शिंक यांच्याबरोबर केली आहे. भावनेचा जो वेग मनुष्याला अहिताकडे ओढून नेतो, आपले वा दुसऱ्याचे नुकसान घडवितो, तो रोखावयाचा. आणि भावनेमुळे शरीरात जे उत्पन्न झाले आहे व बाहेर पडू पाहते आहे, त्याला वाट द्यावयाची, असा भेद आमच्या मते येथे अभिप्रेत आहे. वाग्भटांच्या रोगानुत्पादनीय अध्यायातील धारणीय वेगांत लोभ, ईर्ष्या, द्वेष, मात्सर्य, राग ही नावे स्पष्ट येतात. शोक मात्र नावाने येत नाही, तो ‘आदि’ शब्दात गृहीत धरावा लागतो. अश्रू मात्र त्यांच्याही अधारणीय वेगांत आहेतच.

आपल्या समाजात नेमके याच्या उलट चालते, हे खेदाने नमूद करावे लागते. घरात मृत्यू झाला की थोरल्या मुलाला सांगितले जाते, तू रडलास तर आईने कोणाकडे पाहायचे? पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय, असेही वर ऐकवले जाते. तो डोळे कोरडे ठेवून तेराव्यापर्यंतचे सर्व उरकतो, कामावर रुजू होतो, आणि दोनतीन महिन्यांनी आपल्यासमोर येऊन बसतो. तक्रार असते सर्दी हटत नाही, डोके जड, अन्नावर वासना नाही, छातीत भरून येते, चक्कर येते. बाष्पनिग्रहाची चरकोक्त लक्षणे म्हणजे प्रतिश्याय, अक्षिरोग, हृद्रोग, अरुची आणि भ्रम. वाग्भटांनी त्यांत मन्यास्तंभ व गुल्म यांची भर घातली आहे. अशा रुग्णाला आपण प्रतिश्यायाचे औषध देतो, उपशय मिळत नाही, मग औषध बदलतो. घरात काय घडले हे विचारायचे राहून जाते. दुसरीकडे त्याच घरात वडीलधाऱ्याचा संताप मात्र बिनदिक्कत बाहेर पडतो आणि ‘त्यांचा स्वभावच तसा’ म्हणून तो निभावून नेला जातो. जे धरायचे ते सोडले जाते आणि जे सोडायचे ते धरले जाते.

येथे छातीच्या तक्रारीसंबंधी एक सावधगिरी. तीव्र शोक वा भय यांनंतर हृदयाची आकुंचनशक्ती एकाएकी मंदावते आणि चित्र हुबेहूब हृद्‌विकाराच्या झटक्यासारखे दिसते, अशी अवस्था जपानी वैद्यकतज्ज्ञांनी १९९० मध्ये वर्णिली. तिला ताकोत्सुबो असे नाव आहे. तेव्हा शोकग्रस्ताच्या छातीत दुखत असल्यास मानसिक म्हणून सोडून न देता प्रथम ईसीजी काढून घ्यावा व रुग्णालयात पाठवावे. हृदय हे मनाचे स्थान म्हणणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.

धारण करणे म्हणजे दाबणे नव्हे, या मुद्द्याला अलीकडील मानसशास्त्रातून बळ मिळते. अमेरिकेत जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना किळस आणणारी चित्रफीत दाखवून चेहऱ्यावर काहीही न दिसू देण्यास सांगितले होते. चेहरे निर्विकार राहिले, पण आतली भावना कमी झाली नाही आणि त्वचेच्या विद्युत्‌वहनासारखी शारीरिक क्षोभाची चिन्हे उलट वाढली. ग्रॉस यांनी १९९८ मध्ये दाखविले की प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टीच आधी बदलली तर भावनेची तीव्रता खरोखर उतरते. आपल्या परिभाषेत पहिला निग्रह केवळ मुखाचा आहे. दुसरा धी आणि स्मृती यांच्या साहाय्याने धृतीने केलेला आहे. अहित विषयाकडे धावणाऱ्या मनाला नियमित करणे हे धृतीचे कार्य शारीरस्थानात सांगितले आहे आणि तिचा भ्रंश हा प्रज्ञापराधाचा भाग मानला आहे.

मग सर्वच भावना मोकळ्या सोडाव्यात काय? राग साठवू नये, उशीवर ठोसे मारावेत, ओरडावे, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये याची परीक्षा घेतली. ज्याच्यावर राग आहे त्याला आठवीत ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वाधिक राहिला. काहीही न करता स्वस्थ बसलेल्यांची आक्रमकता त्यांच्याहून कमी होती. क्रोधाला धारणीय वेगांत आणि अश्रूंना अधारणीय वेगांत ठेवणाऱ्या आचार्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, हे यावरून कळावे. अर्थात त्यांनी असले प्रयोग केले होते असा दावा करण्याचे कारण नाही. ते माणसे पाहत होते.

चिकित्सेचा विचार करता बाष्पनिग्रहावर चरकांनी निद्रा, मद्य आणि प्रिय कथा असे तीनच उपाय सांगितले आहेत. क्षवथूच्या निग्रहावर नस्य, धूम इत्यादी उपचार आहेत. येथे मात्र रुग्णाला रडवावे असे कोठेही म्हटलेले नाही. त्यामुळे ‘एकदा मोकळेपणाने रडून घ्या’ असा आग्रह धरणे हीही चिकित्सा नव्हे. विश्रांती द्यावी, आपल्या माणसांच्या गोष्टी चालू द्याव्यात; अश्रू यायचे तेव्हा येतील. जवळ कोणी आधार देणारे असेल तर रडल्यानंतर हलके वाटते, असे अनेक देशांतील लोकांची उत्तरे मिळवून केलेल्या अभ्यासातही आढळले आहे. मद्याच्या उपायाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. आजच्या परिस्थितीत शोकग्रस्ताला मद्य सुचवू नये. एकट्याने प्यालेल्या मद्याने दैन्य वाढते आणि सवय जडते. आसव-अरिष्टे देतानाही व्यसनाचा पूर्वेतिहास विचारावा.

शोक व भय यांनी वायू शीघ्र प्रकुपित होतो आणि अतिसार होतो, तेथे वातहर क्रियेबरोबर हर्षण आणि आश्वासन हीच चिकित्सा असे चिकित्सास्थानात सांगितले आहे. परीक्षेच्या दिवसांत जुलाब होणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत; त्यांना निव्वळ स्तंभन देऊन काय साधणार? तसेच चिंता, शोक, भय, क्रोध असताना योग्य मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असा निर्वाळा विमानस्थानात आहे. पथ्याचा तक्ता हाती देण्यापूर्वी रुग्ण कोणाबरोबर व कोणत्या मनःस्थितीत जेवतो हे विचारणे म्हणूनच अगत्याचे. सत्त्वपरीक्षाही टाळू नये. प्रवरसत्त्वाच्या रुग्णाला वस्तुस्थिती सांगितली की पुरते. मध्यमसत्त्वाला दुसऱ्याच्या उदाहरणाचा आधार लागतो. अवरसत्त्वाचा रुग्ण धिप्पाड असूनही रक्त पाहून वा भयंकर कथा ऐकून कोसळतो, त्याला रोगाची भीषणता रंगवून सांगणे हा अपचारच होय. उन्मादात भय दाखविण्याचे जे उपाय ग्रंथांत आले आहेत, त्यांचे आज प्रयोजन नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने क्रूर व अवमानकारक वागणुकीपासून रुग्णाला संरक्षण दिले आहे.

आमच्या औषधविक्रेत्या सभासदांसाठी काही गोष्टी आवर्जून लिहितो, कारण शोकग्रस्त मनुष्य पुष्कळदा वैद्याकडे न जाता प्रथम दुकानात येतो आणि झोपेचे काहीतरी द्या म्हणतो. अशा वेळी सर्पगंधेचे योग चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. या वनस्पतीच्या रक्तदाबावरील कार्याविषयी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले आणि मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या लेखाने तिच्याकडे जगाचे लक्ष गेले. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले. त्याने काहींना खिन्नता येते असे दिसल्याने नैराश्याच्या रुग्णात ते वर्ज्य मानले जाते. आधीच दैन्याने ग्रासलेल्याला झोपेच्या नावाखाली ते देणे धोक्याचे आहे. ब्राह्मी, जटामांसी, अश्वगंधा यांचे योग देतानाही मानसरोगतज्ज्ञाची औषधे चालू आहेत काय हे विचारावे, आणि ती आपल्या सांगण्यावरून बंद करायला लावू नयेत.

विषाद हा रोग वाढविणाऱ्या कारणांत अग्रगण्य, असे चरकांनी सूत्रस्थानात गणले आहे. जेवण जवळजवळ सुटले आहे, कामे आटोपून टाकल्यासारखी निरवानिरव चालू आहे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे येते आहे, असे दिसल्यास सरळ विचारावे. विचारल्याने तसला विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. अशा रुग्णाला एकटे सोडू नये, नातेवाइकांस बोलावून त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालतो, त्यावर मराठीतही बोलता येते. तो दवाखान्यात आणि दुकानाच्या काउंटरवर दिसेल असा लावून ठेवावा.

केसपेपरवर मूत्र, मल, जिव्हा यांच्या नोंदी आपण करतोच. त्याखाली आणखी एक ओळ वाढवावी. घरात गेल्या वर्षभरात काय घडले, रुग्ण कोणाशी बोलतो, आणि डोळ्यांत पाणी आले तर तो काय करतो, एवढे तीत लिहिले तरी पुढच्या खेपेस तुलना करता येते. दैन्य उतरले की नाही हे त्या ओळीवरूनच समजेल. तेवढ्यावरून औषधाची मात्रा बदलायची की केवळ आठवड्याने पुन्हा बोलवायचे, हेही ठरविता येईल.