स्मृतीची साक्ष

थोरला बंधू म्हणतो, “हे शेत मला द्यावयाचे, असे वडील बोलले होते.” धाकटा म्हणतो, “मी समक्ष होतो. ते तसे बोललेच नाहीत.” दोघेही शपथ घेण्यास सिद्ध असतात. ऐकणाऱ्यास वाटते, एकजण असत्य बोलत असला पाहिजे. वस्तुतः दोघेही प्रामाणिक असू शकतात. हे कसे घडते, याचा विचार प्रत्येक गृहस्थाने करावा.

स्मृती म्हणजे पेटीत जपलेला दस्तऐवज नव्हे. आठवताना मन उरलेल्या खुणांवरून प्रसंग पुन्हा रचते व रिकाम्या जागा परिचित गोष्टींनी भरते. इंग्रज मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी अमेरिकेतील आदिवासींची एक कथा लोकांकडून वाचवून घेतली आणि पुढे ती आठवून सांगावयास लावली. अपरिचित भाग गळले, काही तपशिलांस ओळखीचे रूप आले. हा वृत्तान्त त्यांच्या १९३२ सालच्या ग्रंथात आहे.

१९७४ साली अमेरिकेत लॉफ्टस व पामर यांनी विद्यार्थ्यांस मोटार-अपघाताचा चित्रपट दाखविला. मोटारींचा वेग विचारताना पन्नास जणांपुढे ‘चुराडा’ अशा अर्थाचा शब्द योजला, दुसऱ्या पन्नासांपुढे केवळ ‘धडक’ अशा अर्थाचा. आठवड्यानंतर ‘फुटलेली काच दिसली काय?’ असे विचारता पहिल्यांपैकी सोळा व दुसऱ्यांपैकी सात जणांनी होकार दिला. चित्रपटात फुटलेली काच नव्हतीच! एका शब्दाने जर एवढे होते, तर वर्षानुवर्षे भांडणात उगाळलेल्या आठवणीचे काय होत असेल?

विस्मरणाचाही नियम आहे. जर्मन संशोधक एबिंगहाउस यांना १८८५ साली आढळले की, पाठ केलेले प्रथम झपाट्याने विसरते, नंतर सावकाश. परंतु तेच पुन्हा पाठ करण्यास पहिल्याहून कमी वेळ लागतो. म्हणजे गेलेसे वाटणारे सर्वच गेलेले नसते.

आपल्या वेदपाठकांनी स्मृतीवर आंधळा विश्वास ठेवला नाही. पद, क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या पाठांनी तेच शब्द वेगवेगळ्या क्रमाने म्हटले जातात, त्यामुळे चूक लपत नाही. आणि गुरू ती तत्काळ सुधारतो. नित्यपाठ करणाऱ्यानेही पोथी मिटून म्हणावे, मग पोथी उघडून पडताळावे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश व त्यापासून बुद्धिनाश, असा क्रम सांगितला आहे. तेथे स्मृती म्हणजे मुख्यतः शास्त्र व आचार्य यांच्या उपदेशाचे स्मरण होय. तथापि घरातील कलहासही तो इशारा लागू पडतो. राग चढला की प्रसंग रागास सोयीचा तेवढाच आठवतो.

म्हणून गृहस्थाने देण्याघेण्याच्या गोष्टी वेळीच लिहून ठेवाव्यात. वाद उपस्थित झाल्यास “असेच घडले” असे न म्हणता “मला असे आठवते” असे म्हणावे आणि बंधूची आठवणही शांतपणे ऐकावी. त्यास असत्यवादी ठरविण्यापूर्वी, आपलीही साक्ष चुकू शकते, हे मनात आणावे.