कथालेखकाची वही : ध्येय आणि दिनक्रम

स्मरणिका म्हटली की तिच्यात आठवणी असणे क्रमप्राप्तच आहे. वसतिगृहातील पहाटेची घंटा, रांगेत बसून घासलेली ताटे, गावाकडून आलेली पत्रे, पत्र्याची पेटी सांभाळत केलेला एस.टी.चा प्रवास, यांविषयी आपले माजी विद्यार्थी फार जिव्हाळ्याने लिहितात. असे लेखन वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. पुष्कळ लेखांत एखादी कथा दडलेली असते आणि लेखक तिच्या उंबरठ्यावरून परत फिरतो. आईने पेटीत काय काय ठेवले होते, ते तो सांगतो; ती पेटी भरताना आईच्या मनात काय चालले असेल, ते लिहीत नाही. कारण ते त्याने पाहिलेले नसते, ते त्याला कल्पावे लागेल. आणि कल्पावयाचे म्हटले की काम एका बैठकीचे राहत नाही.

वंचितांच्या जगण्यातून आलेल्या स्वकथनांनी मराठी साहित्याची सीमा रुंदावली, हे आता कोणी नाकारीत नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली. परंतु त्यांच्याही आधी कथा-कादंबरीने ही वाट काढली होती. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ सालची. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ सालचा. आज नव्याने लिहू पाहणारा तरुण बहुधा स्वतःच्या जीवनकहाणीपासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो. त्यात दोष काही नाही. स्वकथनाचा ऐवज आयुष्याने आधीच जमा करून ठेवलेला असतो. मात्र तो बहुधा एकदाच खर्चता येतो. कथाकाराला दर वेळी कोऱ्या पानापासून आरंभ करावा लागतो. शेजारणीचे, आजोबांचे, इतकेच नव्हे तर ज्याने आपल्याला विहिरीवरून हाकलले त्या माणसाचेही मन त्याला आतून पाहावे लागते. म्हणून कथालेखकाला दिनक्रमाची गरज इतरांपेक्षा अधिक असते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी एका परदेशी लेखिकेचे उदाहरण जरा विस्ताराने घ्यावयाचे आहे.

१९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी व साहित्याशी आपला परिचय तेव्हापासूनचाच, किंबहुना त्याही आधीचा. पण त्यांचे लेखन आपण जितक्या आस्थेने वाचतो, तितक्या आस्थेने त्यांची लिहिण्याची रीत न्याहाळत नाही. ऑक्टेव्हिया बटलर ही या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावी अशी लेखिका आहे. तिचा जन्म १९४७ सालचा, कॅलिफोर्नियातील पासाडेना या गावचा. वडील बूटपॉलिशचे काम करीत. ते ती लहान असतानाच वारले. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी व साफसफाई करी. त्या घरांत आईने मागच्या दाराने आत जावयाचे आणि घरच्या माणसांनी तिच्यादेखत तिच्याविषयी वाटेल ते बोलावयाचे, हे मुलीने पाहिले होते. आपल्याकडील कित्येकांना या दोन वाक्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

बटलरने लेखिका होण्याचे ठरवले तेव्हा तिच्या मावशीने तिला प्रेमानेच सांगितले की आपल्या लोकांतून लेखक होत नसतात. मावशीचे म्हणणे खोटे ठरवायला तिला बरीच वर्षे लागली. १९७० साली ती क्लॅरियन नावाच्या लेखन-कार्यशाळेला गेली, तिच्या दोन कथा विकल्या गेल्या, आणि त्यानंतर पाच वर्षे तिचा एकही शब्द कोणी विकत घेतला नाही. या काळात तिने भांडी घासली, दूरध्वनीवरून माल विकण्याचे काम केले, वेफर्सच्या कारखान्यात माल तपासला. कामावर जाण्यापूर्वी पहाटे दोनला उठून ती लिहीत असे. १९७६ साली तिची पहिली कादंबरी ‘पॅटर्नमास्टर’ प्रसिद्ध झाली.

या पाच वर्षांपाशी थोडे थांबले पाहिजे. कथा छापून येणे हेच तिचे ध्येय असते, तर त्या हिशेबाने ती पाच वर्षे सलग अपयशी होती. लिहिणे हे ध्येय धरले, तर त्याच पाच वर्षांत ती रोज यशस्वी होत होती. ध्येय ठरवताना नवोदितांची गल्लत नेमकी येथे होते. ‘मला पुरस्कार मिळावा’, ‘अमुक मासिकात माझी कथा यावी’, ‘माझे पुस्तक दोन वर्षांत निघावे’ या इच्छा आहेत. त्या असाव्यात. परंतु त्यांची पूर्तता संपादक, प्रकाशक, परीक्षक, वाचक, काळ अशा अनेकांच्या हाती असते. लेखकाच्या हाती काय असते? आज बसणे आणि आज लिहिणे, एवढेच.

बटलरच्या वह्या आता कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. १९८८ सालच्या एका वहीच्या पुठ्ठ्याच्या आतील बाजूस तिने स्वतःच्या हाताने आपल्या आकांक्षा लिहून ठेवल्या आहेत. आपली पुस्तके सर्वाधिक खपाच्या यादीत जातील, आपण चांगल्या वस्तीत घर घेऊ, गरीब कृष्णवर्णीय मुलांना लेखन-कार्यशाळेला पाठवू, असा तो मजकूर आहे. यातील खपाची आकांक्षा कधी पूर्ण झाली, हे पाहण्यासारखे आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेली तिची ‘पॅरबल ऑफ द सोअर’ ही कादंबरी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या त्या यादीत २०२० साली आली. बटलर २००६ साली वारली होती. म्हणजे पुठ्ठ्यावरची ती इच्छा तिच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी फळाला आली. मात्र त्याच वह्यांच्या आतील पानांवर दुसऱ्या प्रकारची ध्येये आहेत: आज किती लिहावयाचे, काय वाचावयाचे, अमुक प्रकरण केव्हा संपवावयाचे. तिने स्वतःशी लेखी करार केले होते. हे करार पाळणे तिच्या एकटीच्या हाती होते, आणि पुस्तके झाली ती या करारांतून. लेखनविषयक एका निबंधात तिने स्पष्टच म्हटले आहे की स्फूर्तीवर विसंबून राहू नये, सवय अधिक भरवशाची असते. १९९५ साली तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. विज्ञानकथा लिहिणाऱ्या व्यक्तीला ती प्रथमच मिळत होती.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. हाताने लिहिलेले एक फुलस्केप पान सुमारे तीनशे शब्दांचे भरते. नोकरी करणाऱ्या माणसाला वा गृहिणीला रोज एक पान, आठवड्यातून पाच दिवस, हे झेपण्यासारखे आहे. आठवड्याचे दीड हजार शब्द झाले. साडेचार हजार शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा तीन आठवड्यांत हाती येतो. वर्षातील पन्नास आठवडे हे चालले, तर पंचाहत्तर हजार शब्द होतात. चांगल्या जाडीच्या कादंबरीला ते पुरेसे आहेत. एवढे सोपे गणित असूनही कादंबऱ्या लिहून का होत नाहीत? कारण आपण सुटीची वाट पाहतो. दिवाळीच्या सुटीत निवांत लिहू, निवृत्तीनंतर लिहू, मुलीचे लग्न झाले की लिहू. सुटीत पाहुणे येतात, हे आपल्याला ठाऊक असते.

या गणिताचा आद्य पुरस्कर्ता म्हणजे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप. तो टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाचण्यात जाई, मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द. प्रत्येक पुस्तकासाठी तो एक रोजनिशी आखीत असे आणि तीत दिवसाची पाने नोंदवीत असे, म्हणजे आळसात गेलेला दिवस डोळ्यांसमोर राही. अशा रीतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. १८८३ साली, मृत्यूनंतर, त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्यातील हा जमाखर्च वाचून रसिकांनी नाके मुरडली. प्रतिभावंताने कारकुनासारखे लिहावे हे त्यांना रुचले नाही. माझ्या मते ट्रोलपची रोजनिशी घ्यावी आणि घड्याळ सोडून द्यावे. पाव तासाला अडीचशे शब्द हा वेग सर्वांना मानवणारा नाही. काही कथा एकेका वाक्याने पुढे सरकतात. मोजावयाचे ते बसणे. तारीख, वेळ आणि काय लिहिले याची एक ओळ, एवढी नोंद पुरते. ज्या दिवशी काही झाले नाही त्या दिवसाचीही तारीख लिहावी. मात्र हुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन पाने लिहिण्याचा हट्ट धरू नये. त्याने थकवा येतो आणि तिसरा दिवसही जातो.

वेळ कोणती असावी, याला नियम नाही. टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेतील नोकरी आणि दोन मुलांचे एकटीने संगोपन सांभाळून लिहीत होत्या. उजाडण्यापूर्वीची वेळ त्यांची ठरलेली होती. फलटणच्या बेबी कांबळे यांनी मात्र पहाट शोधली नाही. त्या किराणा दुकान चालवीत. बांधून द्यायच्या मालासाठी आलेली रद्दी वाचावी आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यापाशी बसून लिहावे, अशी त्यांची रीत होती. घरच्यांच्या धाकाने ती वह्या-पाने त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवली. त्यांचे पुस्तक स्वकथन आहे, कथा नव्हे; पण जागा व वेळ कशी मिळवावी, याचा याहून मोठा पाठ मला माहीत नाही. आपला दिवस आठ दिवस बारकाईने पाहावा. लोकलमधील पाऊण तास, रात्रपाळीतील शांत वेळ, मुलांना शिकवणीला सोडून त्यांची वाट पाहण्याचा तास, असे काही ना काही सापडतेच. नवी वेळ निर्माण करण्यापेक्षा आधीच ठरलेल्या कामाला लेखन जोडले की ते टिकते. वसतिगृहात वाढलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको. घंटा झाली की उठावयाचे, मन आहे की नाही हे कोणी विचारीत नसे.

बैठक संपवताना एक जुनी युक्ती उपयोगी पडते. पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच थांबावे. अर्नेस्ट हेमिंग्वे असे करीत असे. प्रसंग पूर्ण करून उठले, की दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरे पान समोर येते. अर्ध्यावर सोडले, की मन दिवसभर त्याच्याभोवती घुटमळत राहते.

लिहिण्याइतकाच शोधही दिनक्रमात बसवावा लागतो. बटलरची ‘किंड्रेड’ ही १९७९ सालची कादंबरी आजच्या काळातील एका कृष्णवर्णीय स्त्रीला गुलामगिरीच्या काळात नेऊन सोडते. पूर्वीच्या पिढीने इतके निमूट का सोसले, असा तिरस्कार तिने आपल्या एका सहाध्यायाच्या तोंडून ऐकला होता. आईचे ते मागचे दार तिला त्यावर उत्तर देण्यास भाग पाडीत होते. ज्या मेरीलँड राज्यात कथानक घडते, तेथे ती देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत बसने प्रवास करून गेली. आपल्याकडील आजी-आजोबांची पिढी अजून काही घरांत आहे. चावडी, येसकरपाळी, दुष्काळी कामे, गिरणी, चाळीतील नळ, यांविषयीचे त्यांचे शब्द कोणत्याही शब्दकोशात पूर्णपणे सापडणार नाहीत. आठवड्यातून एक बैठक लिहिण्याऐवजी ऐकण्यासाठी राखावी, आणि ऐकलेले शब्द ज्या उच्चारात आले त्याच उच्चारात वहीत उतरवावेत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवणे सोयीचे खरे, पण ते पुन्हा ऐकून लिहून काढण्याचा दिवसही तेव्हाच ठरवावा. एरवी ती मुद्रणे तशीच पडून राहतात.

मुदतीसाठी मराठी लेखकाला एक आयता आधार आहे, तो म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली ‘मनोरंजन’पासून सुरू झालेली ही परंपरा आजही नव्या कथाकाराला दार उघडून देते. संपादकांकडे कथा पावसाळ्यातच पोहोचवावी लागते. तेव्हा उन्हाळ्याच्या आरंभी पहिला खर्डा, मग महिनाभर तो बंद करून ठेवणे, त्यानंतर मोठ्याने वाचून दुरुस्ती, असा क्रम आखता येतो. दुरुस्तीच्या वेळी जवळचे दोन वाचक असावेत. त्यांतील एक तरी असा असावा, की ज्याला लेखकाला बरे वाटावे याची फिकीर नाही.

पालकांनाही दोन शब्द सांगणे अगत्याचे वाटते. मूल अभ्यासाच्या वहीच्या मागच्या पानांवर काही लिहीत असेल, तर यात गुण किती मिळणार, असे विचारू नये. त्याला एक स्वतंत्र वही द्यावी, ती त्याच्या परवानगीवाचून वाचू नये, आणि घरातील एक कोपरा रोज अर्धा तास त्याचा आहे हे इतरांनाही सांगून ठेवावे. बटलरची आई कामाच्या घरी टाकून दिलेली पुस्तके मुलीसाठी उचलून आणी. मुलगी दहा वर्षांची असताना तिने टाइपरायटर मागितला. एवढ्याशा पोरीला हे यंत्र कशाला, चार दिवसांत कपाटात धूळ खात पडेल, असे आईला तिच्या मैत्रिणीने बजावले. आईने तो घेऊन दिला, आणि मुलगी त्यावर दोन बोटांनी आपल्या कथा टंकू लागली.