तिजोरीचे कुलूप साफ करताना

आमच्या गवळीगुड्यातील घराच्या माजघरात आजोबांच्या काळची एक लोखंडी तिजोरी आहे. करणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी कधीच झिजून गेली. आत दागिने फारसे नाहीत. घराचे उर्दू दस्तऐवज, आजोबांच्या नोकरीचे कागद आणि हाली सिक्क्याची थोडी नाणी, एवढाच ऐवज. पण घराचा वाद निघाला तर तेच दस्तऐवज हवेत. गेल्या उन्हाळ्यात किल्ली अडू लागली. अडली की वडील भोकात खोबरेलाचे दोन थेंब सोडीत. एके दिवशी किल्लीलाच पीळ पडला आणि "कुलूप झिजले, दार कापून घ्या" अशी भाषा घरात सुरू झाली.

बेगम बाजारातून एका वृद्ध चावीवाल्यांना बोलावले. त्यांनी किल्ली नाकाशी धरली आणि म्हणाले, "तेल नक्को डालो, बाबू." भोकातून थोडे रॉकेल सोडून तासभर थांबले, किल्ली सरळ केली आणि हलक्या हाताने दार उघडले. पुढचे काम मात्र त्यांनी माझ्याकडून करवून घेतले.

आधी रचना पाहू. मूठ फिरवली की दाराचे जाड दांडे चौकटीत सरकतात; कुलूप फक्त त्या दांड्यांना अडवून धरते. कुलपाच्या डबीत एका खुंटीवर पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. त्यांना लीव्हर म्हणतात. आमच्या कुलपात सात होत्या. प्रत्येकीला खाच असते आणि एक बारीक स्प्रिंग तिला खाली दाबते. किल्लीचा प्रत्येक दात आपल्या पट्टीला ठराविक उंचीवर उचलतो. सातही खाचा एका रेषेत आल्या तरच कुलपाच्या जिभेवरील खुंटी त्यांतून जाते. पट्टी कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. ही दुहेरी अडवणूक १७७८ साली रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने काढली. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपे करायला घेतली त्याच्या शंभरावर वर्षे आधीची ही युक्ती, आणि अजून ती चालते.

आता खोबरेलाने काय होते? ते हळूहळू घट्ट व मेणचट होते, त्यावर हैदराबादची धूळ बसते. पट्टी वर जाते, पण स्प्रिंग तिला खाली आणू शकत नाही. किल्ली अडते ती झिजेमुळे नव्हे, चिकट्यामुळे.

दार उघडेच राहील अशी लाकडी पाचर लावली. (हे काम उघड्या दाराशिवाय होतच नाही, तेव्हा चोरांना या लेखाचा उपयोग नाही.) पेचकसाने आतला पत्रा काढला. जुन्या तिजोऱ्यांत आगीपासून बचावासाठी भुकटी भरलेली असते आणि तीत अॅस्बेस्टॉस असू शकते. ती सांडताना दिसली तर काम तेथेच थांबवावे. आमच्या दाराच्या या भागात ती नव्हती. डबीचे झाकण सुटताच एक स्प्रिंग उडून पलंगाखाली गेली आणि अर्धा तास तिच्या शोधात गेला. म्हणून झाकणावर बोट ठेवूनच शेवटचा स्क्रू काढावा.

खरी परीक्षा क्रमाची. पट्ट्या दिसायला सारख्या, पण प्रत्येकीची खाच वेगळ्या उंचीवर. दोन अदलाबदल झाल्या तर स्वतःची किल्लीही परकी होते. मी वर्तमानपत्रावर एक ते सात आकडे घालून त्याच क्रमाने, त्याच बाजूने पट्ट्या मांडल्या. रॉकेलमध्ये बुडवून जुन्या दातांच्या ब्रशाने घासल्या. खाचांत बांबूची काडी वापरली. एका डागासाठी मी काचकागद उचलला, तेव्हा उस्तादांनी तो हातातून काढून घेतला. केसभर धातू गेला तरी खाच जागा सोडते. पट्ट्या कोरड्या पुसून तेलाविना बसवल्या. ग्रीसचे बोट फक्त बाहेरच्या दांड्यांना लावले.

दार उघडे ठेवूनच किल्ली वीस वेळा फिरवली. वीसही वेळा ती वळली, तेव्हा कोठे वडिलांनी दार लोटू दिले.

जुनी दुसरी किल्लीही त्या दिवशी सापडली. ती तिजोरीच्याच खणात, दस्तऐवजांखाली होती. आता ती बाहेर ठेवली आहे. कोठे, ते येथे छापणे बरे नाही.