जुनी केबिन घेऊन विकायची? आधी रस्ता चाला, मग विसार द्या



आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यात फिरताना एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. नगर रस्त्यावर सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव आणि सोलापूर रस्त्यावर यवत, पाटस, कुरकुंभ या पट्ट्यात कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं. तिथे ठेकेदार पत्र्याच्या केबिन आणून ठेवतात. एकीत ऑफिस, एकीत वॉचमन, दोन-तीनमध्ये कामगार. काम संपलं की त्या तिथेच गंजत पडतात. मालकाला जागा मोकळी करायची घाई असते, म्हणून तो कमी भावात द्यायला तयार होतो. दुसरीकडे आपल्याच गावात कुणाला चहाच्या दुकानासाठी, कुणाला पार्लरसाठी, कुणाला शिलाईच्या मशिन ठेवायला, तर कुणाला शेतात राखणदाराच्या खोलीसाठी केबिन हवी असते, पण नवीन परवडत नाही. या दोघांच्या मध्ये धंदा आहे. परदेशात चाकांवरची जुनी घरं स्वस्तात घेऊन, दुसऱ्या गावी नेऊन विकतात, तसाच हा प्रकार.

पण केबिन स्वस्त मिळते आणि हलवणं महाग पडतं. या पाठात तेच शिकायचं आहे.

आधी माझी चूक सांगते

आमच्या गटाने पहिली केबिन ठरवली ती रांजणगावच्या एका साइटवर. तिथल्या मुकादमाने दाखवली आणि भावही चांगला सांगितला. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणाला. आम्ही घाईने १५ हजार रुपये विसार दिला. साध्या वहीच्या पानावर त्याची सही घेतली, तीही पहिल्या नावाची. दोन दिवसांनी गाडी घेऊन गेलो तर गेटवर अडवलं. गेटपास नाही! चौकशी केली तेव्हा कळलं, ती केबिन भाड्याने आणलेली होती, मालक वेगळाच होता. मुकादमाचा फोन बंद. विसार गेला, गाडीचं येण्याजाण्याचं भाडं अंगावर पडलं. पुढच्या बैठकीत बायकांच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. ते पैसे कुणाच्या दुधाचे होते, कुणाच्या खुरपणीच्या मजुरीचे.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

पायरी १ : वस्तू ओळखा

टपरी : चार-सहा फुटांची. पिकअपमध्ये जाते, आठ-दहा माणसं मिळून उचलतात. पहिल्या सौद्याला हीच बरी.

पोर्टा केबिन : लोखंडी सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लाय किंवा पीव्हीसी, मधे काचेच्या कापसासारखा थर. हा थर उघडा पडला असेल तर हात लावू नका, अंगाला खाज सुटते. नेहमीची मापं १० बाय ८, २० बाय ८ आणि २० बाय १० फूट.

जहाजाचा कंटेनर : न्हावा-शेवासारख्या बंदरांतून बाहेर पडलेला जुना माल. २० फुटी रिकाम्या कंटेनरचंच वजन सव्वादोन टनांच्या आसपास भरतं. त्यावर चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा नंबर असतो. तो बिलावर जसाच्या तसा असला पाहिजे. खालच्या लाकडी फळ्यांना बहुतेक वेळा कीडनाशक लावलेलं असतं, म्हणून राहण्यासाठी किंवा खाण्याच्या दुकानासाठी द्यायचा तर जमीन बदलावी किंवा पूर्ण झाकावी लागते.

पायरी २ : टेप घेऊन जा

रुंदी सगळ्यात आधी मोजा. मालवाहू गाडीची रुंदी कायद्याने जास्तीत जास्त २.६० मीटर. ८ फुटी केबिन म्हणजे २.४४ मीटर, ती बसते. १० फुटी केबिन म्हणजे ३.०५ मीटर, ती गाडीच्या बाहेर येते. तिला वेगळी परवानगी आणि खास गाडी लागते, दंडाची भीती राहते. १० फुटी केबिन स्वस्त का मिळते, याचं एक उत्तर इथे आहे. नव्या गटाने ८ फुटीच घ्यावी.

मग आतून कोपरा ते कोपरा तिरकी दोरी धरा, दोन्ही बाजूंनी. दोन्ही मापं सारखी आली तर सांगाडा सरळ आहे. फरक जास्त असेल तर केबिन पिळली आहे. अशी केबिन उचलताना दार-खिडकी अडकते, पत्रा फाटतो.

पायरी ३ : पारख करा

- दार लावून आत उभ्या राहा. छतातून उजेडाचे ठिपके दिसले तर पाणी गळणार.
- चारी कोपऱ्यांत आणि दारापाशी पाय आपटा. जमीन दबली किंवा पोकळ वाजली तर आतली फळी कुजली आहे.
- खाली वाकून तळाचं लोखंड पाहा. भिंतीचा गंज रंगाने झाकता येतो, तळाचा गंज नाही. केबिनचं सगळं वजन तळावर असतं.
- वर चार कोपऱ्यांना उचलायचे हुक असतात. त्यांचं वेल्डिंग तपासा. एक हुक तुटला तरी केबिन हवेत फिरते.
- आत काय ठेवलं होतं ते विचारा आणि वासही घ्या. कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत. ज्या केबिनमध्ये रसायनाचे ड्रम ठेवले होते, ती कितीही स्वस्त असो, माणसाच्या राहण्याला किंवा खाण्याच्या दुकानाला देऊ नका.

पायरी ४ : कागद हातात, मग पैसे

१. विकणाऱ्याकडे खरेदीचं मूळ बिल आहे का? भाड्याची तर नाही ना?
२. विकणाऱ्याचं पूर्ण नाव, ओळखपत्राची प्रत आणि विक्रीची पावती. केबिनचं माप आणि फोटो पावतीला जोडा.
३. कंपनीच्या आवारातून बाहेर काढायचा गेटपास कोण देणार, कधी देणार, हे लेखी घ्या.
४. पैसे गटाच्या खात्यातून, विकणाऱ्याच्या खात्यात. रोख नको.
५. विसार थोडाच द्या. उरलेली रक्कम केबिन गाडीवर चढल्यावर.

फक्त मालविक्री करणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण बिल सगळ्यांनाच लागतं. रस्त्यात गाडी अडवली तर तेच दाखवायचं असतं.

पायरी ५ : रस्ता चाला

केबिन चढवायला हायड्रा क्रेन लागते आणि उतरवायलाही लागते. नव्या बायका दुसरी हायड्रा हिशेबात धरायला हमखास विसरतात.

विसार देण्याआधी दोघींनी मिळून केबिन जिथून उचलायची तिथपासून जिथे ठेवायची तिथपर्यंत जाऊन या. रांजणगावहून न्हावरे-चौफुला मार्गे दौंडकडे आणायची तर भीमा नदी ओलांडावी लागते आणि पुढे पुणे-दौंड रेल्वेमार्ग. मोठ्या रस्त्याची अडचण सहसा येत नाही, अडचण येते शेवटच्या एक-दोन किलोमीटरात. रेल्वेखालच्या मोरीची उंची मोजा. साडेआठ फुटांची केबिन ट्रकवर चढली की जमिनीपासून साडेबारा फुटांच्या आसपास जाते. वाडीतल्या लोंबत्या वीजतारा, वळणावरचं चिंचेचं झाड, ओढ्यावरचा अरुंद पूल, सगळं वहीत लिहा.

नदीकाठची काळी माती पाऊस पडला किंवा नुकतं पाणी दिलं असेल तर हायड्राचं चाक गिळते. म्हणून हलवायचं काम उन्हाळ्यात, रान वाळल्यावर करा. कारखान्यांच्या हंगामात उसाच्या वाहतुकीमुळे गाड्या मिळणं अवघड होतं, तेही ध्यानात ठेवा.

जीव वाचवणाऱ्या चार गोष्टी : बांबूने तारा उचलायला केबिनवर पोरगा बसवू नका, कधीच नाही. तार आड येत असेल तर महावितरणच्या लाइनमनला आधी सांगून पुरवठा बंद करून घ्या. केबिन हवेत असताना तिच्याखाली कुणी जायचं नाही. आणि २० फुटी केबिन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवायची नाही, मागे लोंबणारं वजन ट्रॅक्टरचं तोंड उचलतं.

पायरी ६ : हिशेब उलटा मांडा

खालचे आकडे फक्त शिकण्यासाठी धरले आहेत. तुमच्या भागात विचारून तुमचे आकडे भरा.

केबिन खरेदी : ६०,००० रु.
हायड्रा, चढवताना : ४,००० रु.
गाडीभाडं : ९,००० रु.
हायड्रा, उतरवताना : ४,००० रु.
डागडुजी, रंग, वायरिंग : १४,००० रु.
फेऱ्या, फोन, हमाली : २,००० रु.
बेरीज : ९३,००० रु.
व्याज, शेकडा १ रुपया दरमहा, ३ महिने : २,७९० रु.
आपली मजुरी, ८ दिवस, रोज ४०० रु. : ३,२०० रु.
एकूण : ९८,९९० रु.

१ लाख १० हजाराला विकली तर हातात ११,०१० रुपये. "साठला घेतली, एकशे दहाला विकली, पन्नास हजार सुटले" असं गावात कुणी म्हणेल. तुम्ही म्हणू नका.

आता उलटं करा. समजा गटाला १५,००० नफा हवा. विक्रीच्या १,१०,००० मधून खरेदी सोडून बाकीचे सगळे खर्च (३८,९९०) आणि नफा (१५,०००) वजा करा. उरतात ५६,०१०. म्हणजे या केबिनला ५६ हजारांच्या वर बोलायचंच नाही. हा आकडा वहीत लिहून न्या. मालक साठावरून खाली येत नसेल तर चहा पिऊन परत या. नफा विकताना होतो असं वाटतं, खरं तर तो घेतानाच ठरतो.

पायरी ७ : ठेवायची कुठे, वीज कशी?

जागा कुणाच्या नावावर आहे ते गिऱ्हाइकाला विचारा. गायरानात, रस्त्याच्या हद्दीत ठेवलेली केबिन अतिक्रमण ठरते, आणि ती उचलली गेली की शिव्या आपल्याला बसतात. गिऱ्हाइकाला ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करायला सांगा. खाली सिमेंटचे ठोकळे ठेवा, पाण्याच्या नळीने पातळी घ्या, म्हणजे दार नीट लागेल आणि तळाला ओल लागणार नाही.

पत्र्याच्या घरात वीज उतरली तर सगळी भिंत शॉक देते. म्हणून चांगलं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवल्याशिवाय केबिन गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नका. डागडुजीच्या खर्चात कपात करायची तर रंगात करा, यात नाही.

गटासाठी नियम

पहिला सौदा टपरीचा किंवा एकाच केबिनचा. गिऱ्हाईक आधी, खरेदी नंतर. गटाची सगळी बचत एका केबिनमध्ये अडकवू नका. कुणाच्या आजारपणाला, पोरांच्या फीला लागेल तेवढी रक्कम बाजूला ठेवा. आणि निर्णय एकटीने साइटवर घ्यायचा नाही. बैठकीत ठराव, वहीत नोंद, मगच विसार. आमच्या १५ हजारांनी आम्हाला हेच शिकवलं. पुढची केबिन आम्ही रस्ता चालून, कागद पाहून घेतली. ती विकून विसाराची भर आधी बचतीत टाकली, उरलेला नफा मग वाटला.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात पुढच्या सहा महिन्यांत केबिन कुणाला लागेल? तीन नावं काढा.
२. आपल्या भागात हायड्राचा कमीत कमी दर किती? दोन ठिकाणी विचारा.
३. वरच्या हिशेबात केबिन तीनऐवजी सहा महिने पडून राहिली तर नफा किती उरेल?

(तिसऱ्याचं उत्तर : व्याज आणखी २,७९० रुपये वाढेल, हातात ८,२२० रुपये उरतील.)