चौदा कोर्स आणि दूध केंद्राची वही

सावेडी, नगर
रविवार सकाळ

चि. ताई,

तुझा बायोडाटा परवा रात्री फोनवर उघडला. काल कंपनीत गेल्यावर प्रिंट काढली आणि डबा खाता खाता पुन्हा वाचला. फोनवर भरलेला वाटला होता. कागदावर आल्यावर कळलं की नाव, पत्ता आणि पाथर्डीची बी.कॉम. एवढं सहा ओळींत उरकलंय, बाकी दीड पान नुसते कोर्स. १४ मोजले मी. डिजिटल मार्केटिंग, पायथन, एआय, एक्सेल, टॅली, जीएसटी, लीडरशिप, टाइम मॅनेजमेंट... सगळे ऑनलाइन, सगळे फुकट. खाली तुझा मेसेज: "मामा, आता रिकामं दिसत नाही ना?"

रिकामं दिसत नाही, पण भरलेलंही दिसत नाही. पोत्यात भुसा भरला तरी पोतं उभं राहतं, हमालाने हात लावला की मात्र त्याला कळतं. आमच्या टाइम ऑफिसात तो हमाल मी. नागापूर एमआयडीसीतल्या आमच्यासारख्या लहान कंपनीतही अकाउंट असिस्टंटची एक जागा निघाली की अर्जांचा गठ्ठा पडतो. तो आधी माझ्या टेबलावर येतो, त्यातले आठ-दहा साहेबांकडे जातात. तुझ्या कागदावर माझी नजर कुठे अडली सांगू? तारखांवर. १४ पैकी ६ कोर्स २० ते २३ मे या चार दिवसांत संपलेत, आणि त्यातला एक एकटाच ४० तासांचा आहे. बाई, तू झोपलीस कधी?

रागावू नकोस. मीही याच वाटेने आलोय. २००१ साली एमकेसीएलचं एमएस-सीआयटी सुरू झालं आणि बघता बघता ज्याच्या त्याच्या बायोडाट्यात ते दिसायला लागलं. तुझ्या आजीने कांद्याच्या पट्टीतून माझी फी भरली. पास झालो, सर्टिफिकेट लॅमिनेट केलं आणि मराठी ३०, इंग्रजी ४० या टायपिंगच्या ओळीच्याही वर ते टाकलं. एका कारखान्यात मुलाखतीला गेलो. तिथल्या साहेबांनी काही न विचारता मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि म्हणाले, "या ३० कामगारांचे हजेरीचे दिवस टाका आणि बेरीज काढा." मी आकडे टाकले, खिशातला कॅल्क्युलेटर काढला, बेरीज केली आणि ती शेवटच्या चौकटीत टाइप केली. साहेब हसले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आता मधला एक आकडा बदला." बदलला. खालची बेरीज जागची हलली नाही. त्यात कोर्सचा काही दोष नव्हता. बेरजेचं सूत्र त्यात शिकवलेलं होतं, मी परीक्षेपुरतं पाहिलं होतं.

तेव्हा फुकटचे कोर्स लिहावेत की नाही, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'लिहावेत' असंच आहे. फुकट म्हणून कुणी नाक मुरडत नाही. पण सगळे एका मापाचे नाहीत. तू स्वयमवर केलेला कोर्स शेवटून दुसरा टाकलास, तो खरं तर वर हवा. स्वयम २०१७ पासून आहे आणि आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल त्याच्याही आधी, २००३ पासून. तिथे शिकायला पैसे पडत नाहीत, पण सर्टिफिकेट हवं तर परीक्षा केंद्रावर ओळखपत्र घेऊन बसावं लागतं. एनपीटीईएलला त्याची फी हजार रुपयांच्या घरात आहे, आठवड्याच्या असाइनमेंटला २५ गुण आणि परीक्षेला ७५. असा कोर्स केला असेल तर गुणांसकट लिही. व्हिडिओ पुढे ढकलत शेवटी 'डाउनलोड' दाबलेला कोर्स आणि हा कोर्स शेजारी शेजारी ठेवलेस की चांगलाही हलका दिसतो. कोर्सेरासारख्या ठिकाणी काही कोर्स नुसते ऐकायला फुकट मिळतात, सर्टिफिकेटला पैसे पडतात. तिथे फुकटात शिकलीस तर 'अभ्यास केला' एवढंच लिही, 'सर्टिफाइड' लिहू नकोस. आणि केवळ त्या कागदासाठी दाजींकडे पैसे मागू नकोस.

मग ठेवायचं काय? तू ई-पीक पाहणी करतेस ना घरची? सातबाऱ्यावर पीक लागायचं तर शेतात उभं राहून उभ्या पिकाचा फोटो काढावा लागतो. तशीच प्रत्येक कोर्सपुढे उभी राहा आणि फोटो माग. पायथनमध्ये स्वतःच्या मनाने दहा ओळी लिहिता येतात? नाही ना? काढ. लीडरशिप, टाइम मॅनेजमेंट, एआयची ओळख, सगळं काढ. डिजिटल मार्केटिंगही काढ, अकाउंटच्या जागेला त्याचा उपयोग नाही. एखाद्या शोरूमला अर्ज करशील तेव्हा ते परत घाल. माझ्या हिशेबाने स्वयमवरचा तो सोडला तर एक्सेल, टॅली आणि जीएसटी असे तीनच राहतात.

आता जे तू लिहिलंच नाहीस त्यावर येतो, कारण मला खरा राग त्याचा आलाय. बारावीपासून दाजींच्या दूध केंद्राचा हिशेब कोण ठेवतं? दर दहा दिवसांनी गवळ्यांची बिलं कोण काढतं? सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून दर, त्यातून पशुखाद्याची कपात, उचल वजा, मग हातात पडणारी रक्कम. आधी हे सगळं वहीत होतं. एक्सेलचा कोर्स केल्यावर तू ते फाइलमध्ये घेतलंस आणि ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या खालीवरचं सगळं दरपत्रक व्ही-लूकअपने जोडलंस. दिवाळीत मी आलो होतो तेव्हा तू रडकुंडीला आली होतीस, आठवतं? एका म्हाताऱ्या गवळ्याने बिल तुझ्यापुढे आपटलं, "पोरी, माझ्या म्हशीला गायीचा दर लावलास का?" रात्री अकरापर्यंत तू शोधत बसलीस. शेवटी सापडलं काय, तर सूत्राच्या शेवटी 'फॉल्स' टाकायचं राहिलेलं आणि दरपत्रक क्रमाने नसलेलं, त्यामुळे एक्सेल जवळपासचा कुठला तरी दर उचलत होतं. तू सगळी बिलं पुन्हा काढलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाबांना फरकाचे पैसे मोजून दिलेस.

हे तुझ्या दीड पानात कुठेच नाही! "ते घरचंच काम आहे," असं म्हणशील. कमवा आणि शिका योजनेत काम करून शिकलेली पोरंसुद्धा ती ओळ बायोडाट्यात लिहायला लाजतात, आणि एका दुपारी केलेला लीडरशिपचा कोर्स ठळक अक्षरात टाकतात. मला हे कधी समजलं नाही. शिक्षणाच्या खाली, कोर्सच्या वर, असं लिही: "दूध संकलन केंद्र (कौटुंबिक): दहा दिवसांची उत्पादकांची बिलं, कपाती व उचल यांचा हिशेब. २०२३ पासून एक्सेलवर." गवळी किती आहेत तो खरा आकडा घाल. एक्सेलच्या कोर्सपुढे त्याचा महिना आणि साल टाक आणि पुढे एवढंच जोड: "वरील बिलांसाठी वापर." वाचणाऱ्याचं बोट आपोआप वर जाईल.

टॅलीपुढे लिहिण्यासारखं तुझ्याकडे अजून काही नाही, ते महिन्याभरात तयार कर. केंद्राची पशुखाद्याची खरेदी आणि देणी टॅलीत घे. जीएसटीचं म्हणशील तर कोर्समधलं घोकू नकोस. जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत हे सगळेच सांगतात. आमचे साहेब विचारतात, नगरहून पुण्याला ८० हजारांचा माल चाललाय, ई-वे बिल लागेल का? कोर्स केलेली पोरं ५० हजारांची मर्यादा धरून 'हो' म्हणतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती २०१८ पासून एक लाख आहे. असल्या गोष्टी पाथर्डीतल्या एखाद्या कर सल्लागाराकडे महिनाभर बसलीस तर कळतील. पगार मागू नकोस, फायली लावायला बस. आणि इंग्रजी व्हिडिओंनी डोकं दुखतं म्हणत होतीस, तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठी आवाजातही आहेत. बघ एकदा.

नवा बायोडाटा एका पानाचा कर. पान पाऊणच भरलं तर पाऊण राहू दे. तुझ्या वयाच्या पोरीचा तीन पानी बायोडाटा आला की मी उलट जास्त बारकाईने बघतो.

पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीने ये. मामी थालीपीठ लावणार आहे. अक्काला म्हणावं डबा देऊ नकोस, शेंगदाण्याची चटणी मात्र दे. दाजींना नमस्कार. आणि ती बिलांची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ये. मी तुला माझ्या कॉम्प्युटरपुढे बसवणार आहे आणि दरपत्रकातला मधलाच एक आकडा बदलणार आहे.

तुझा,
मामा