फळी छोटी, तर गाडीही छोटी

कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आलेल्या माणसाला पुढचे आठ दिवस दुसरं काही सुचत नाही. १ एप्रिल १९९८ रोजी ते सुरू झालं. घरी छोटी रेल्वे उभारण्याचा नाद माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना तिथेच लागला, आणि मलाही. घरी आल्यावर हॉलचं माप घेतलं जातं, भवानी पेठेतून आठ बाय चारचं अख्खं प्लायवूड आणायचं ठरतं. नेमकं इथेच थांबा, असं मी प्रत्येक नव्या माणसाला कळकळीनं सांगतो. संग्रहालयाकडे सबंध दालन आहे. आपल्या फ्लॅटमध्ये, फार तर, भिंतीलगतची एक फळी निघेल. दालनात शोभणारी गाडी फळीवर आणली की ती गाडीही बिचारी दिसते आणि फळीही.

हे कशामुळे होतं, ते आकड्यांत पाहा. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, आपला नेहमीचा आयसीएफ डबा सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर भरतो. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस सहा मीटरच्या पुढे जाते. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिला सातच डबे होते. पण तेवढी गाडीसुद्धा इंजिनासकट दोन मीटरच्या आसपास जाते. लांबी तरी कमी करता येते, चार डब्यांवर भागवता येतं. वळणाचं तसं नाही. खऱ्या ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरच्या खाली नेत नाहीत. १:८७ ला तिचे दोन मीटर होतात, म्हणजे एका पूर्ण गोलाला चार मीटरची खोली हवी. बाजारात तयार मिळणाऱ्या रुळांची त्रिज्या साधारण ४४ सेंटिमीटर असते. तिच्यावरून लांब डबा नेला की त्याचं पोट आतल्या बाजूला आठ मिलिमीटर सरकतं आणि टोकं बाहेर येतात. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी असेल तर दोन्ही घासतात. माझ्या फळीवर हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की वळणाजवळ फलाट घेऊ नका, हे मी न विचारताही सांगतो.

घाटाचा मोह तर पुणेकराला असतोच. बोरघाटाचा चढ ३७ ला १. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर मध्ये साडेसात सेंटिमीटर उंची सोडावी लागते, आणि बोरघाटाच्या चढानं ती गाठायला पावणेतीन मीटर लागतात. तेवढाच उतार पलीकडे. फळीवर हे बसत नाही. चढ तीव्र केला तर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात, आणि मागून रेटायला बँकर जोडायलाही जागा उरलेली नसते.

एन प्रमाण, म्हणजे १:१६०, घ्या असा सल्ला हमखास मिळतो. जागेच्या दृष्टीनं तो बरोबर आहे. पण नऊ मिलिमीटरच्या रुळावर धुळीचा कण म्हणजे दगडच, आणि पन्नाशीनंतर ते डबे रुळावर बसवताना डोळे दुखतात.

मला सापडलेला मार्ग आपल्याच मातीतला आहे. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटर गेजची होती. पुढे ती एका अंगाला पंढरपूर, मिरजेकडे आणि दुसऱ्या अंगाला लातूरला गेली. वारकऱ्यांच्या पिढ्यांनी तिच्यातून प्रवास केला. ७६२ ला ८७ नं भागा: ८.७६. एनचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचाच फरक! उलट आपलं ब्रॉडगेज त्याच हिशेबानं १९.३ मिलिमीटर यायला हवं, आणि बाजारातला रूळ मिळतो १६.५ चा. त्यावर उभं केलेलं भारतीय इंजिन जवळून पाहिलं की पाय आखडून उभं आहे असं वाटतं. बार्शी लाइट मात्र अंगाला बेतल्यासारखी बसते. इंजिनं छोटी, डबे छोटे, वळणं मुळातच तीव्र. विदर्भातली मूर्तिजापूरची शकुंतलाही याच गेजची. ज्याला डोंगरच हवा, त्यानं १९०७ सालची माथेरानची गाडी घ्यावी; तिचं गेज दोन फुटांचं, म्हणजे १:८७ ला सात मिलिमीटर.

मग चार फूट लांब, एक फूट रुंद फळी पुरते. रुंदी याहून वाढवू नका. भिंतीला टेकलेल्या रुंद फळीवर मागच्या रुळावरून घसरलेला डबा काढताना पुढची झाडं, सिग्नल सगळं आडवं होतं. गोलही नको. गोल फिरणारी गाडी दहा मिनिटांत मुलंसुद्धा बघेनाशी होतात. गाडीला काम द्या, म्हणजे शंटिंग.

अॅलन राइट या इंग्रज छंदिष्टाची इंगलनूक नावाची रचना यासाठी अजोड आहे. दोन सांधे, तीन सायडिंगं: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. इंजिनाच्या बाजूच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी, त्याहून एकही जास्त नाही. आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या करायच्या, पाच उचलायच्या, आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. असे ६,७२० क्रम होतात. कुर्डुवाडीला छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत चढवायचा असे. तसा एक धक्का शेजारी दाखवला की प्रत्येक हालचालीला कारण मिळतं.

शंटिंग सावकाश चालतं, म्हणून पुण्याचा पावसाळा इथे आडवा येतो. जुलैत रुळांचे जोड काळे पडतात, वीज पोचत नाही, चारचाकी इंजिन सांध्यावरच अडकतं. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार द्या. तापकीर गल्लीत ती मीटरवर मिळते. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, सॅंडपेपरनं कधीही नाही, कारण त्याच्या चऱ्यांत घाण आणखी धरते. प्लायवूड मरीनच घ्या आणि खालच्या बाजूनंही रंगवा, नाहीतर ते पन्हाळीसारखं वाकतं. डोंगराला दिवाळीच्या किल्ल्याची माती वापरू नका, हेही सांगून ठेवतो. ती वाळली की तिची धूळ थेट इंजिनाच्या दातेरी चाकांत जाते. थर्माकोल आणि कागदाचा लगदा पुरे.

फळी छातीच्या उंचीवर लावा, खुर्चीत बसून नजर फलाटाच्या पातळीला येईल अशी. वरून पाहिलं की फळी दिसते, समोरून पाहिलं की गाव दिसतं. गाव पुरं झाल्याखेरीज दुसरं इंजिन घेऊ नका.